यादीवर सरकणारं पॅनल

५ मे
इस्पितळाच्या सॉफ्टवेअरमधलं माझं पॅनल स्क्रीनवर आजही खाली दोन बोटं कमीच. वॉर्डातल्या पेशंटच्या यादीत नावावर बोट ठेवलं की उजवीकडून सरकत यायला हवं, वरपासून खालपर्यंत, आणि त्यात औषधं दिसायला हवीत. येतं की सरकत. खाली फट राहते. ऑफिसच्या सरांना ती खुपते. मलाही.
महिनाअखेर इथे लागून सहा महिने होतात. मग पक्की नोकरी, नाहीतर नमस्कार. आठ वर्षं घरी बसलेल्या एक्केचाळिशीच्या बाईला रामदासपेठेत दुसरं कोण घेणार?

९ मे
बसलं एकदाचं. सर दहा वेळा उघडून मिटून बघत होते. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तेही खूश. नवरोबा वि. हिंगण्याहून ड्युटी संपवून येताना समोसे घेऊन आले. दोन खाल्ले.

१४ मे
वॉर्डात चालू होऊन तीन दिवस झाले. कोणी वापरत नाही, सिस्टर लोक परत वहीवर. वॉर्डाच्या मुख्य मेश्राम सिस्टर, त्यांना फोन केला. "तुमीच या न मॅडम एकदा. फोनवर काय सांगू तुमाले?" आवाज काही गोड नव्हता.

१५ मे
गेले. दुपारी दोन, ड्युटी बदलायची वेळ. मला दाखवायला दोघी एकाच स्क्रीनसमोर उभ्या. जाणारी यादी मोठ्याने वाचते, खाट एक, खाट दोन. येणारी त्याच वेळी नावावर बोट ठेवून औषधं बघते. वहीवर वर्षानुवर्षं असंच चाललंय. आणि माझं पॅनल आलं की यादीच गायब. स्क्रीन एवढासा त्यांचा. वाचणारीचं वाक्य तोंडातच.
"आता मी काय वाचू? तुमचं डोस्कं?" मेश्राम सिस्टर.
ऑफिसपासून दहा मिनिटांवर हा वॉर्ड. पॅनल बनवण्याच्या पाच आठवड्यांत एकदाही पाय ठेवला नव्हता मी.
मग त्यांनी मला बाजूला घेतलं. परवा पॅनल उघडं होतं म्हणून वाचणारीने पुढची खाट आठवणीवरच सांगितली. अकरानंतर एकदम तेरा. बारा नंबरच्या आजोबांची इन्सुलिनची सुई राहिली. जेवणाचं ताट आलं तेव्हा आजोबाच बोलले, "मले सुई नाही टोचली जी आज." म्हणून निभावलं.
"काहून बनवलं वं बाई असं?" हे मात्र अगदी हळू म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यात बसून रडले.

१७ मे
सरांना सांगितलं. अर्धंच. पॅनल अरुंद करू, शेजारी यादी दिसू दे.
"अहो मॅडम, डॉक्टरसाहेबांले तेच तर आवडलं! सिस्टर लोकांले सवय होऊन जाईल. ट्रेनिंग देऊन टाका."
बारा नंबरचं तोंडातून निघालंच नाही. सिस्टरांवर शेकेल म्हणून, असं स्वतःला सांगतेय. खोटं. महिनाअखेर डोळ्यासमोर होती. लाज वाटते लिहिताना.

१८ मे
वि.ना सगळं सांगितलं. घास हातातच राहिला त्यांचा. "सांगू नको म्हणत नाही मी. पण तेरा दिवस राह्यले. पक्की होऊन जाऊ दे, मग सांग."
रोज तीनदा, म्हणजे तेरा दिवसांत ड्युटी एकोणचाळीस वेळा बदलते.

२१ मे
मेश्राम सिस्टरांचा फोन. मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डातल्या वह्याच उचलून नेल्या. "स्क्रीनवरच करून राहिलो आता. एकेक खाट तीन तीनदा विचारतो. धाकधूक होते वं."
फोन ठेवला आणि मेल लिहायला बसले. सरांना, मोठ्या डॉक्टरांनाही. खाट बारा, सुई, सगळं. कोणत्याही सिस्टरचं नाव नाही. चूक माझी, वॉर्ड न बघता बनवलं. पॅनल आजच बंद करा, वह्या परत द्या.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पाठवला.

२२ मे
उत्तर नाही. सर दिवसभर इस्पितळात. बंद करायचं बटण त्यांच्याच हातात, माझ्याकडे नाही. तासातासाने पॅनल उघडून बघत होते. चालूच.
सातला सरांचा मेसेज. "उद्या दहाला या. लॅपटॉप आणि चार्जर, दोन्ही आणा."
लॅपटॉप रोजच नेते. चार्जर घरीच असतो, ऑफिसात दुसरा आहे. आजवर तो फक्त नोकरी सोडून जाणाऱ्यांकडूनच मागितलेला पाहिलाय. वि. म्हणाले, "वॉर्डातच बसून दुरुस्त करायले लावतील, म्हणून असंल." असेलही. पिशवीत भरून ठेवला.
परत उघडून बघितलं. नावावर बोट ठेवलं, आणि आलं सरकत, वरपासून खालपर्यंत. कुठे फट नाही.
पावणेआठ झालेत. आठला ड्युटी बदलते.