पायरीवरची हजेरी

प्रिय वेदिका,

निकिताला सुट्टीत माझ्याकडे पोहायला पाठवू का, असं तू विचारलं होतंस. पाठवू नकोस. का, ते लिहायला मला चार दिवस लागले.

आपल्या क्लबला या मे महिन्यात पन्नास वर्षं होतात. प्रफुल्ल आता सेक्रेटरी आहे. स्मरणिकेसाठी क्लबचा इतिहास लिहायचं काम त्याने माझ्यावर टाकलं. जुनी माणसं तुम्हीच उरलात, म्हणाला. सुरुवात सोपी गेली. मोतीराम गुरुजी पहाटे सात-आठ जणांना घेऊन गोदेत उतरायचे, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून शिकवायचे. एका पावसाळ्यात पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं आणि गुरुजींचे सगळे डबे वाहून गेले. पुढे नदीचं पाणी अंगाला खाजू लागलं, तेव्हा सावळीरामकाकांनी आपल्या द्राक्षमळ्यातलं दगडी तळं दिलं. बायकांची बॅच मी सुरू केली. तू तीन वर्षांची होतीस. पहिल्या दिवशी आम्ही दोघीच, मी आणि रंगूबाई. ती नऊवारीतच उतरली. मळ्यातल्या कोणी बघू नये म्हणून काका स्वतः तळ्याकडे पाठ करून फाटकात बसले.

गुरुजींचा नियम तुला माहीत आहे, तूही पाळला आहेस. उतरताना पायरीवर बसलेल्याला नाव सांगायचं, वर आल्यावर पुन्हा सांगायचं. रंगू आत. रंगू बाहेर. पायरीवरच्याने ते डोक्यात ठेवायचं, लिहायचं नाही. वहीत बघणाऱ्याचं पाण्याकडे लक्ष नसतं, असं ते म्हणत. तळ्याचं पाणी हिरवं, हातभर खालचं दिसत नाही. पायरीवरच्याची आठवण, एवढंच आमच्याकडे असतं. गुरुजी गेल्यावर पायरी माझ्याकडे आली. त्याला एकतीस वर्षं झाली. पन्नास वर्षांत इथे एकही माणूस बुडालं नाही, हे वाक्य प्रफुल्लला पहिल्या पानावर हवं आहे.

मंगळवारी अकराजणी उतरल्या होत्या. मी अकरा नावं परत ऐकली, फाटकाला बाहेरून कडी घातली आणि सगळ्यांबरोबर चहाला बसले. कप अर्धा झाला असेल. आतून हाक आली, "ज्योत्स्नाताई, मला आतच ठेवता का?" संध्या होती. नवीन मुलगी, आठवड्यापूर्वीच डबा सोडलेली. पायात गोळा आला म्हणून पलीकडच्या भिंतीला धरून राहिली होती. हात सुटला असता तरी आम्ही चहाच पीत बसलो असतो.

सगळ्या हसल्या. ताईंनी मलाही विसरावं, म्हणजे यमाच्या यादीतून माझं नाव जाईल, असं रंगूबाई म्हणाली. मीही हसले. त्यांना वाटलं, मी विसरले. विसरले असते तर मी एवढी घाबरले नसते. वेदिका, मी तिचं नाव ऐकलं होतं. संध्या बाहेर. धाप लागलेला आवाज, अगदी खांद्याशी. अजून तसाच ऐकू येतो. तो कोणाचाच नव्हता.

तुझ्या आजीचं, माझ्या आईचं, असंच सुरू झालं होतं. दारात कोणी नसताना आले, आले म्हणत उठायची. तुला गंमत वाटायची. मी तेव्हा तुला रागावत असे, पण का ते सांगितलं नाही.

त्यानंतरही मी रोज पायरीवर बसले आहे. हे लिहिताना लाज वाटते. आता नावांवर भरवसा नाही म्हणून डोकी मोजते. काल दहा मोजली, मग नऊ, मग पुन्हा दहा. उतरल्या किती होत्या, ते मला माहीत नाही. सगळ्या निघून गेल्यावर तळ्याला दोन फेऱ्या घातल्या. पाणी स्थिर होतं. पण स्थिर पाण्यावरून काही कळत नाही. प्रफुल्लकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा स्मरणिकेच्या फोटोंविषयी बोलून परत आले. पायरी सोडल्यावर सकाळी उठून मी कुठे जायचं, हे मला सुचत नाही.

शेजारचा जीवन आज सकाळच्या गाडीने तुमच्या नांदगावला निघाला आहे, त्याच्या हातून हे पाठवते. मिळताच प्रफुल्लला फोनवर वाचून दाखव. उद्या पहाटेच्या आत त्याला कळलं पाहिजे. मला आधी फोन करू नकोस. केलास तर मी म्हणेन, काही झालेलं नाही, मुलगी उशिरा वर आली इतकंच. आणि ते म्हणताना मला तसंच वाटत असेल. माझा आवाज नेहमीसारखा येईल. त्याचं ऐकू नकोस.

तुझीच,
आई