मेहुण्याच्या सूर्यास्ताविरुद्ध

३ फेब्रुवारी
संकल्प : हॉलच्या भिंतीवरचा मेहुण्याचा सूर्यास्त उतरवायचा. सोफ्यावर बसलं की थेट डोळ्यांत खुपतो. सूर्यास्ताचा फोटो काय, कोणीही काढेल. मी रात्री समुद्राच्या तळाशी जाऊन नखाएवढे जीव टिपणार. ही म्हणाली, डायव्हिंग क्लबच्या प्रदर्शनात एक फोटो लागू दे, मी स्वतः स्टुलावर चढून सूर्यास्त उतरवते. शब्द लिहून घेतला आहे. प्रदर्शन २८ला.

७ फेब्रुवारी, रात्री ९.४०
कॅमेरा घेऊन पहिली बुडी, क्लबच्या मास्तरांबरोबर. फोटो ६२. पैकी ६१ मध्ये गढूळ पाणी. एकात माझा अंगठा, पण फोकस उत्तम. मास्तर म्हणतात, मी पाय झाडतो म्हणून वाळू उडते. वाळूच हलक्या प्रतीची आहे.
कॅमेऱ्याच्या खोक्यात पाणी शिरू नये म्हणून काळी रबरी रिंग बसवतात. खिशातली जादा रिंग गायब. बोटीवर कोणीतरी लांबवली. माणसांवरचा विश्वास उडाला.

८ फेब्रुवारी
पाण्यात जोडीदार लागतो, असा नियम आहे. माझ्याबरोबर यायला क्लबात कोणी तयार नाही. दडपण येत असणार. शेवटी हीच येणार. गेल्या वर्षी माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून कोर्सला आली आणि माझ्याआधी पास झाली. मास्तरांनी तिला क्लबचा जुना छोटा कॅमेरा दिला. मी धीर दिला : बटण एकच आहे.

१४ फेब्रुवारी
लेन्सचं झाकण काढायचं राहिलं. पाण्याखाली खोकं उघडता येत नाही. चाळीस मिनिटं काळोखाचे फोटो. दोन-तीनमध्ये काळोख चांगला आलाय.

२१ फेब्रुवारी, रात्री ११
नवा जीव सापडला! काळा, चकचकीत, गोल. पहिल्या बुडीच्याच जागी, वाळूवर. तोंड नाही, शेपूट नाही. अजिबात बुजला नाही. ११४ फोटो.
ही मात्र सारखी टॉर्च आडवी हलवत होती. पाण्याखाली त्याचा अर्थ 'इकडे बघ'. मी बघितलं नाही. कलाकाराला असं हाका मारून बोलवायचं नसतं. मग तिने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. बरोबर आहे, या कामाला डोकंच लागतं.

२२ फेब्रुवारी
मेहुण्याला फोन केला. सूर्यास्त परत येतोय, भिंतीला खिळा ठोकून ठेव, म्हटलं.

२५ फेब्रुवारी
मास्तरांनी फोटो पाहिले. एक मोठा करून पाहिला. मग कपाटातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आत तसेच सहा जीव. रबरी. 'तुमचीच हरवलेली असेल,' म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. हळवा माणूस.
म्हणजे चोरी झालीच नव्हती. माणसांवर पुन्हा विश्वास बसला.

२८ फेब्रुवारी
प्रदर्शनात पहिला नंबर. हिचा.
फोटोत मी पाठमोरा, वाळूत नाक खुपसून रिंग टिपतोय. माझ्या टोपीवर नखाएवढा ऑक्टोपस बसलाय, तोही रिंगच बघतोय. इतका चिमुकला मास्तरांनी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. खाली हिने नाव दिलंय : 'काखेत कळसा'. मेहुणा पोट धरून हसला, मग मला मिठी मारली. मला वाईट वाटलं. आनंदही झाला, हे इथेच लिहितो, तिला सांगणार नाही.
घरी आल्यावर हिने शब्द पाळला. स्टुलावर चढून सूर्यास्त उतरवला. स्टूल मी धरलं.
सोफ्यावर बसलं की आता समोर माझीच पाठ दिसते. फोकस उत्तम.