झालेली किती, हयात किती

आबा, आपल्या गावची शाळा बंद होणार असं परवा कळलं. पटावर चार मुलं उरलीत. तुम्ही शिकवत होता तेव्हा मुलं व्हरांड्यातसुद्धा दाटीवाटीनं बसायची. तरी दर पावसाळ्यानंतर हजेरी घेताना तुम्ही एखाद्या नावापाशी अडायचा, मग न वाचताच पुढं जायचा.

लढाई चालू होती त्या वर्षांत सरकारनं तुमच्यावर खानेसुमारीचं काम टाकलं. औंधच्या पूर्वेकडचं आपलं माळावरचं गाव. दौत सांभाळत मी तुमच्यामागून दारोदार फिरते आहे. बायकांना तुम्ही दोन प्रश्न खाली मान घालून विचारता, झालेली किती, हयात किती. शेवटी आपलं घर आलं. तुम्ही उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात आणि आईलाही तेच विचारलंत. ती भाकरी थापत होती.

"आवं, तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

"विचारावं लागतं."

"सात," ती तव्याकडं बघत म्हणाली. "हयात तीन."

तुमचा टाक कितीतरी वेळ कागदावर टेकला नाही.

एवढी मुलं कशाला होऊ द्यायची, असं मी त्याच दुपारी तुम्हाला विचारलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "दोन तरी जगावीत म्हणून सात. मरणं थांबली की जन्मही कमी होतील. मधल्या काळात माणसं फार वाढतील, मग हळूहळू थांबेल सगळं." त्याच उन्हाळ्यात पटकीनं माझे दोन्ही भाऊ एका आठवड्यात नेले. आईला पुन्हा दिवस गेले आणि त्या बाळंतपणात तीही गेली. बाळही राहिलं नाही. उरलो आपण दोघं.

मी सांगलीत नर्स झाले ते तुम्ही पाहिलंत. पुढचं पाहायला तुम्ही नव्हता. आधी लशी आल्या, काही वर्षांनी कुटुंबनियोजनाची शिबिरं. तुमचं ते वाक्य मी घरोघर सांगत हिंडले. कुंडलजवळच्या एका वस्तीवर दोन मुलांची आई होती. ऑपरेशनला सासूचा विरोध, तिचीही छाती होत नव्हती. मी तिच्या अंगणात तासभर बसले. म्हटलं, "आता पोरं मरत नाहीत, बाई." तिनं ऐकलं.

तीन वर्षांनी तिची दोन्ही मुलं विहिरीत बुडाली. एक पडला, दुसरा काढायला गेला. ती दवाखान्यात आली तेव्हा रडत नव्हती.

"बाई, तुमी म्हनला व्हता, पोरं मरत न्हाईत. मग माजी कशी गेली? आता परत जोडून द्या."

ऑपरेशनात कापलेली नळी पुन्हा जोडणारं त्या काळी इथं कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं. ती बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, आबा. मरणं कमी झाली, माणसं वाढली, मग जन्मही कमी झाले. जी जन्मली ती पुण्याला गेली. गावाचं गणित तुम्हाला कळलं होतं. एका घराचं तुम्हालाही कळलं नसावं, नाहीतर त्या दिवशी टाक अडला नसता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं: काही महिन्यांनी ती बाई दवाखान्यात पुन्हा आली होती. मी मागच्या खोलीत कापूस गुंडाळत बसले आणि आयाला सांगितलं, नर्सबाई आज आल्या नाहीत असं तिला सांग.