एका काडीवर पास झालेलं मशीन

पारनेर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अश्विनीस, मच्छिंद्रदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कडबाकुट्टी चौतीस, त्यातल्या सहा ट्रॅक्टरवर चालणाऱ्या. कांदा निवडायची मशीन अकरा. दूध काढायच्या मशीनला चाकांचे गाडे, सात. पत्र्याच्या शेडच्या कैच्या किती ते मोजलेलं नाही, पण एकही वाऱ्याने हललेली नाही. आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी वर-खाली होणारी खुर्ची, एक. सविताच्या मिक्सरचं फुटकं झाकण धरून ठेवणारी कडी, एक. हे सगळं मी या दोन हातांनी केलेलं आहे, आणि कुठल्याही आयटीआयची पायरी न चढता.

ही यादी एवढ्यासाठी, की तुझ्या चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ आहे. श्रीमंतराव म्हणाले म्हणे, दादांना लोखंडातलं कळतं, मोबाईलमधल्या पैशातलं काय कळणार. जावयाचा मान ठेवून सांगतो, मशीन लोखंडाचं असो नाहीतर मोबाईलमधलं, त्यात काय घातलं आणि त्यातून काय निघालं एवढंच बघायचं असतं. हे फोनवरही सांगितलं असतं. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू हां हां म्हणत शेण काढत असतेस. पत्र धरायचं म्हटलं की हात धुवावे लागतात.

आता मुद्दा. मला समजलं ते असं. 'सोनमोहोर कॉइन' नावाचं एक नाणं आहे, जे कुणाला दिसत नाही. धवल सर नावाच्या माणसाने कर्जतला हॉल घेऊन, समोसे वाटून सभा केली. मोबाईलमध्ये ॲप टाकायचं, पैसे भरायचे, की शंभराला रोज दोन रुपये वाढतात. ओळखीची माणसं आणली की आणखी वाढतात. आणि श्रीमंतरावांच्या मनात आलंय की तुझ्या सहा जर्शी गाई विकून ते पैसे तिकडे लावावेत.

कुट्टीत कडबा घातला की चारा निघतो. गाईला चारा घातला की दूध निघतं. यांच्या मशीनमध्ये काय घालतात, ते आधी विचार. श्रीमंतराव 'मायनिंग' म्हणतील. मग विचार, खाण कुठल्या तालुक्यात आहे.

तरी मी आडमुठा नाही. तपासल्याशिवाय मी कशालाच नावं ठेवत नाही. पाच हजार टाका आणि दोन दिवसांनी काढून घ्या. बँकेत आले तर मशीन पास. नाही आले तर स्वस्तात सुटलात. तोवर गाईंच्या दाव्याला कुणी हात लावायचा नाही.

सविताने लिंबाचं लोणचं पाठवलंय, बरणी परत पाठव म्हणते. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, जास्त झाली तर कळव.

तुझा,
दादा

---

कर्जत,
दि. १७ नोव्हेंबर

ती. दादास, अश्विनीचा सा. न. वि. वि.

पत्र हात धुऊन वाचलं. खुर्चीचं ऐकून सासूबाई रुसून बसल्यात. त्यांचे गुडघे काय लोखंडाचे आहेत का, असं विचारतात. तेव्हा कडबाकुट्टी पस्तिसावी करायच्या आधी खुर्ची दुसरी कर. बरणी येईल, पण रिकामी पाठवायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून थांबलीये.

यांना खाणीचं विचारलं. परदेशात आहे म्हणाले. मी म्हणाले, एवढी रोज पिकणारी खाण आहे, तर तिथल्या लोकांना सोडून त्यांना माझ्या गाई कशाला लागतात. यावर हे अंघोळीला निघून गेले.

आता नीट बसून वाच. पाच हजार टाकले. दोन दिवसांनी पाच हजार दोनशे बँकेत आले, खरोखरचे. मी स्वतः मेसेज बघितला. इथवर ठीक होतं. पण हे तुझं पत्र खिशात घालून दूध केंद्रावर गेले आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, यादीसकट. आपल्या वस्तीवर चार घरी तुझी कुट्टी चालते, तेव्हा तुझ्या शब्दाला इथे केवढं वजन आहे ते तुला ठाऊक आहे. ठाऊक नसायला तू काही लाजरा नाहीस. 'मशीन पास' एवढं लोकांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत नऊ घरांनी ॲप टाकलं. सगळे म्हणतात, पारनेरच्या मच्छिंद्रदादांनी तपासलंय.

यांनी तर शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदासाठी ठेवलेले साठ हजार भरून टाकले. आणि येत्या बाजाराला गाई काष्टीला न्यायच्या ठरल्यात. व्यापारी गोठ्यात येऊन सहाही गाईंचे चार लाख ऐंशी हजार बोलून गेला. दादा, मी भाकरी थापताना बांगड्या वाजल्या तरी त्या माना वळवतात. हे म्हणतात, गोठ्यात भांडवल झोपून राहिलंय. झोपलेलं असतं तर पहाटे चारला मला कोण उठवतं?

एक बोलू? राग आला तर वहिनीवर काढू नकोस. लग्नाआधी तुझ्या शेडमध्ये पेंढ्या मीच धरायचे. तू एकही कुट्टी रिकामी फिरवून गिऱ्हाइकाला दिली नाहीस. अख्खी पेंढी, वर ओली मका, तोंड गच्च भरायचं, मोटर कण्हते का ते कान लावून ऐकायचं, मग पास. आणि इथे काय केलंस? एक काडी घातलीस आणि पास म्हणालास. एक काडी तर मोडकी कुट्टीसुद्धा कापते.

तुझा टेम्पोवाला कानिफनाथ हे पत्र घेऊन निघालाय. उद्या-परवा तो पुन्हा इकडे येणार आहे, उत्तर त्याच्याकडेच दे. रागावलास तरी आठवण काढत जा.

तुझी,
अश्विनी

---

पारनेर,
दि. १९ नोव्हेंबर

चि. सौ. अश्विनीस, अनेक आशीर्वाद.

राग आला. सवितावर काढला नाही, वेल्डिंगच्या टेबलावर काढला. मग जेवलो, तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि तुझं बरोबर आहे. मला गिऱ्हाइकाची कुट्टी तपासायला येते आणि बहिणीचं ॲप आलं तर मी काडीवर भागवलं, कारण मला घाई होती ती श्रीमंतरावांना उत्तर द्यायची. गळ टाकणारा आधी पिठाची गोळी फुकट देतोच. पाच हजारांवर दोनशे, ही ती गोळी.

आता भरली पेंढी घाला. ॲपमध्ये जेवढे दिसतात तेवढे सगळे, एक रुपया मागे न ठेवता, बँकेत मागा. काय होईल ते मला माहीत नाही, आणि या वेळी मी आधीच सांगणारही नाही. पण तुमचे पैसे तुम्हाला देण्यासाठी ते तुमच्याकडेच पैसे मागायला लागले, फी म्हणोत, टॅक्स म्हणोत, तर समज पातं बसवलेलंच नाही, नुसता डबा फिरतोय. तसं झालं तर एक रुपया द्यायचा नाही. आणि हे होईपर्यंत गाई गोठ्याबाहेर पडायच्या नाहीत. श्रीमंतरावांना सांग, मेहुण्याने हात जोडलेत.

खालचं त्यांनी दूध केंद्रावर वाचावं, पहिलं वाचलं तेवढ्याच मोठ्या आवाजात: मी मच्छिंद्र, माझं 'पास' मागे घेतो. मी ते मशीन रिकामं फिरवून बघितलं होतं.

घाईत आहे, माया गृहीत धर.

दादा

---

कर्जत,
दि. २३ नोव्हेंबर

ती. मच्छिंद्रदादांस, श्रीमंतचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहावं असा घरात ठराव झाला. ठराव मांडला आईने, अनुमोदन अश्विनीने दिलं, विरोधात मी एकटाच होतो.

शुक्रवारी तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळी रक्कम मागितली. ॲपमध्ये अडुसष्ट हजार चारशे दिसत होते. तासाभरात त्यांच्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलतात, मला श्रीमंतसर म्हणाल्या. रक्कम मंजूर आहे, फक्त तीस टक्के टॅक्स आधी भरा, वीस हजार पाचशे वीस. मी म्हणालो, अहो, माझे अडुसष्ट तुमच्याकडेच आहेत, त्यातून कापून घ्या. त्या म्हणाल्या, तसं सिस्टिममध्ये बसत नाही.

खरं लिहितो दादा, तरी मला वाटलं की भरावेत. साठ अडकलेत, विसाने सुटतील. एक गाय लगेच काढली तर भागतंय असा हिशोब करत मी गोठ्यात गेलो आणि 'कपिला'चं दावं सोडायला लागलो. अश्विनी दारात आडवी उभी राहिली. ओरडली नाही. चालू फोन माझ्या हातातून घेतला आणि मॅडमना सांगितलं, की टॅक्स तयार आहे, सहा वर्षांची आहे, दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर देते, मालकीणबाईंशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नाही. तेवढी येऊन घेऊन जा. मॅडमनी फोन ठेवला. पाच मिनिटांत आमचा नंबर ब्लॉक, ग्रुपमधून बाहेर, आणि ॲपमध्ये अडुसष्टच्या जागी शून्य. मी कपिलाच्या शेजारी शेणातच बसलो. आई म्हणाली, आता बसलाच हायेस तर तेवढं भरून टाक.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर तक्रार नोंदवली, बँकेतही अर्ज दिला. पैसे येतील असं कुणी छातीठोक सांगत नाही. शेततळ्याचा कागद पुढच्या वर्षावर गेला. गाई सहाच्या सहा जागेवर आहेत. व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

दूध केंद्रावर तुमचं दुसरं पत्र वाचलं, त्याच आवाजात. नऊपैकी सहा घरांनी अजून भरायचं होतं, ते थांबले. तिघांचे थोडेथोडे गेले. मी त्यांना तोंड दाखवतोय, तेच माझं प्रायश्चित्त. आणि सावध राहा. तुमच्या एका पत्रावर नऊ घरं आली, हे धवल सरांच्या कानावर गेलंय. ते तुमचा पत्ता विचारत होते. मी दिला नाही, पण तुमचं नाव आणि फोन नंबर तुम्हीच प्रत्येक कुट्टीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवलाय.

लोभ कमी झाला असेल, तो पूर्ववत करावा.

आपला,
श्रीमंत

---

पारनेर,
दि. ३० नोव्हेंबर

चि. सौ. अश्विनी आणि श्रीमंतराव, दोघांस अनेक आशीर्वाद.

श्रीमंतराव, तुमचं पत्र सविताने मोठ्याने वाचलं आणि शेणाच्या ओळीवर तिला पुढे वाचवेना, ते मला वाचावं लागलं. मन लहान करू नका. तुम्ही साठ हजार घालवलेत, त्यांना वाट मी दाखवली. पुढच्या रविवारी येतोय. तुमच्या सासूबाईंना आहे तशी खुर्ची तुमच्या आईसाठी टेम्पोत घातलीये, उजवीकडचा दांडा दोन इंच जास्त ठेवलाय, त्या उजव्या हातावर रेटा देऊन उठतात म्हणून. आणि येताना आधी दूध केंद्रावर थांबणार आहे. त्या तीन घरांना पत्रातून सांगून भागणार नाही, समोर उभं राहून सांगायला पाहिजे.

तुमचे धवल सर आले होते, गुरुवारी दुपारी. पांढरी गाडी, पांढरे बूट. बूट काढून शेडमध्ये यायला निघाले, मी म्हणालो राहू द्या, लोखंडाचा कीस पायात जाईल. त्यांनी माझ्या कांद्याच्या मशीनचं फार कौतुक केलं, उलट्या बाजूने उभं राहून. मग म्हणाले, त्यांची वीस माणसं महिनाभर फिरून जेवढी घरं आणत नाहीत तेवढी माझ्या एका पत्राने आणली. खोटं कशाला लिहू, ऐकून माझी छाती बोटभर फुगली. मग आठवलं, कुठली घरं ते.

ते गेल्यावर गाडीचा नंबर घेऊन मी पारनेरच्या पोलिसांत देऊन आलो. ठाणे अंमलदारांनी विचारलं की तुम्हाला कसं कळलं हे फसवं आहे. मी सांगितलं, बहिणीने शिकवलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं. अश्विनी, आता तुझं नाव सरकारदरबारी आहे, ते माझ्यामुळे.

बरणीत काय भरायचं ते भर, गाईंना वैरण घाल, आणि दोघांनी आमच्यावर जीव ठेवा, व्याज नको.

तुमचा,
दादा

ता. क. धवल सर काय देत होते, हे श्रीमंतराव विचारल्याशिवाय राहणार नाहीत. नगरला मोठा हॉल घेणार होते, बॅनरवर माझा फोटो, स्टेजवर मी. मी फक्त एवढंच बोलायचं होतं की मी स्वतः तपासलंय. त्याचे रोख पाच लाख रुपये. मी नको म्हणालो.