खालच्या पट्ट्या

प्रमिला,

मी सकाळच्या गाडीने नांदगावला तुझ्या आत्याकडे जातोय, संध्याकाळी परत येतो. बारकू मिस्त्री दहा वाजता पुढच्या खिडकीच्या लाकडी झडपांचे दोन नमुने घेऊन येईल. एकाला वरच्या अर्ध्या भागात उघडझाप होणाऱ्या पट्ट्या आहेत आणि खाली सलग फळी. दुसरा याच्या उलट आहे. आपल्याला तो उलटा हवा, तोच आज बसवून घे.

मिस्त्री हुज्जत घालेल. काल मला म्हणाला, "पुंजारामभाऊ, खालून काय कुत्री-मांजरं बघायचीत? माणूस उभा राहून बघतो." चार महिन्यांपूर्वी तुझ्या आईने खाटेवर पडल्या पडल्या हात लांबवून, भिंतीवर वितीने मोजून त्याला पट्ट्यांची जागा दाखवली होती. पडूनही रस्ता दिसावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तो ते विसरलाय. मी आठवण करून दिली नाही. तूही देऊ नकोस. दादांनी सांगितलंय, एवढंच म्हण. त्याला चहा दे, साखर कमी घाल.

खरं तर मला घरी थांबता आलं असतं. आत्याकडे काही काम नाही.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांना बसायला जागा व्हावी म्हणून तू खाट हलवत होतीस, तेव्हा मी चारचौघांत तुझ्यावर ओरडलो. तुझं काही चुकलं नव्हतं.

झडपा बसवताना मिस्त्री खाट बाजूला करेल. तो गेला की ती परत खिडकीपाशी लाव. यापुढे मी तिथे निजेन.

दादा