पोळ्याला न्हालेली गाडी

चि. गजेंद्रराव यांना परतवाड्याहून पंजाबराव भाऊजींचे आशीर्वाद. अकोल्याचं ऊन काय म्हणतं, आणि सौ. सीमाच्या पित्ताला उतार पडला का, ते कळवावं. इकडे सारं क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं; पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं तुमच्या ताईला दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं, आणि मला सध्या कोणाचाच भरवसा राहिला नाही. (तुमचाही नाही. पण पत्र कोणालातरी लिहावंच लागतं.)

विषय तुमच्या गाडीचा आहे. गेल्या वर्षी माझा पाय मोडला, बैलजोडी विकावी लागली, आणि तुम्ही ती फुगीर चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलाची एटीव्ही माझ्या दारात आणून उभी केली. म्हणालात, "भाऊजी, आता चालत जायचं काम नाही, हिच्यावर बसून बाग फिरा." मी वरून आभार मानले, पण आतून तेव्हाच शंका आली होती की साळा इतकी चांगली वस्तू अशी उगीच देतो कशाला. तरी खोटं कशाला बोलू, वर्षभर त्या गाडीनं मला संत्र्याच्या झाडाझाडापर्यंत नेलं. ती नसती तर मी खाटेवर पडून छताची कवेलू मोजत बसलो असतो.

म्हणूनच पोळ्याला तुमची ताई म्हणाली, "वर्षभर राबली थे. मंग पोळा तिचा नाई त कोनाचा?" मलाही ते पटलं. (ती म्हणते की कल्पना माझीच होती. हे लक्षात ठेवा.) आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, हिला खांदे नाहीत, म्हणून आम्ही हँडलाला हळद आणि तूप चोळलं. रीतीप्रमाणे "आज आवतन घे, उद्या जेवाले ये" असं तिच्या दिव्यापाशी वाकून म्हटलं. सकाळी तिला न्हाऊ घालायला नदीवर नेलं. आता बैल गुडघ्याएवढ्या पाण्यात आपणहून थांबतो. त्याला अक्कल असते. ही थांबली नाही. मी ब्रेक दाबायला गेलो तर तुपानं बोटं घसरली, अंगठा वेगाच्या खटक्यावर गच्च बसला, आणि गाडी मला घेऊन सरळ डोहात शिरली. पाणी छातीला लागलं तेव्हा मी सवयीनं, विकलेल्या बैलाला म्हणावं तसं, "हो, हो, राज्या" म्हणून ओरडलो. तोवर ती आसनापर्यंत बुडाली होती.

बाहेर कोणी काढलं, तर शेजारच्या खुशालरावांनी, आणि तेही त्यांच्या बैलांना जुंपून. शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि मागे दोराला माझी गाडी. सारा गाव काठावर उभा. मला एवढंच विचारायचं आहे की बैल धुवायला आलेला माणूस इतका लांब दोर घेऊन येतोच कशाला? त्याला आधी कळलं होतं का? मी त्याला तसं तोंडावर विचारलं, तर हसून म्हणाला, "काहून पंजाबराव, बुडून राहिले होते तवा त दोर आखूड वाटत होता तुमाले!"

त्या दिवशी फोनवर तुम्ही ओरडलात की चालू करायचं बटण दाबू नका, इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकेल. मी ऐकलं, पण तुम्हाला हे इतकं पाठ कसं, हा प्रश्न राहिलाच. (अकोल्यातही ती कधी न्हाली होती काय?) मग गोपाल मिस्त्री आला. त्यानं आधी बॅटरीची तार सोडली, हवेच्या डब्यातला स्पंज पिळून वाळत घातला, टाकीतलं पेट्रोल ओतून दिलं. इंजिनातून तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. पाणी मिसळल्यामुळे असं होतं, म्हणे. मला वाटलं, यानं माझी पाठ वळल्यावर त्यात दूध घातलं असेल; म्हणून मी पाठ वळवणंच बंद केलं. प्लग काढून, तार परत जोडून त्यानं बटण दाबलं तेव्हा मी नीट पाहायला वाकलो होतो, आणि नदीचं उरलेलं पाणी माझ्या तोंडावर आलं. पुन्हा तेल भरलं, थोडं चालवलं, ओतलं, पुन्हा भरलं. बाळंतिणीलाही एवढं तेल लागत नाही. ब्रेक उघडून चिखल काढला, चाकांत नवं ग्रीस भरलं, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, आता बिनघोर बसा." बिनघोर बसा म्हणणाऱ्या माणसाची मला फार धास्ती वाटते.

तेव्हापासून ती गोठ्यात, बैलांच्या जागी उभी आहे. मी तिच्यावर बसलो नाही, कारण खात्री पटली नाही. दरम्यान नवीन संशय उभा राहिला आहे. मी सकाळी पायाच्या मालिशीला जातो आणि परत येतो तर चाकांना ताजी काळी माती. पेट्रोलही उतरतं. खुशालराव नक्की गाडी पळवतो. तुमच्या ताईला विचारलं तर ती भाकरी थापत म्हणते, "मातीचं गाव हाय, लागन माती." पुण्याहून शिवम रोज फोन करतो की बाबा, तुमच्यानं होत नाही, बाग ठेक्याने देऊन टाका, त्यानं माणूसही पाहून ठेवला आहे, आणि तो दसऱ्यानंतर बयाणा घेऊन येतो. पोरगं बापाचं भलं पाहतं, हे कळतं. पण ती झाडं मी लावली, गजेंद्रराव. पोळ्यापासून मी बाग पाहिली नाही, आणि मन कशातच लागत नाही.

बाकी काही नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांचे पापे.

तुमचा भाऊजी,
पंजाबराव

ता. क. या रविवारी इकडे यावं. पुरणपोळी होईल. जेवणाआधी तुम्ही ती गाडी बागेच्या उतारावरून खाली नेऊन, ब्रेक दाबून दाखवावेत. मी वर बांधावर उभा राहून पाहीन. येताना सीमाला कुठे जाता ते सांगून या.

ता. क. २. गजू, पाकीट चिकटवाले माह्यापाशी देलं अन वाचू नको म्हनले, म्हून वाचलं. गाडी ठनठनीत हाय. ते मालिशीले गेले का मीच बागेत नेते. कोनी तरी झाडं पाहाले पायजे ना. खुशालभाऊले उगाच बोल लावून राहिले. गाडीवर संशय नाई त्यायचा. त्या दिवशी डोहात त्यायनं बैलाले हाक मारली नाई, मले मारली होती. तवापासून पान्याचा आवाज आला तरी खाट घट्ट धरून बसतात, अन थे कोनाले सांगत नाईत. तू ये, पन गाडी चालवू नको. "मले भेव वाटते भाऊजी, तुमी चालवा," असं म्हन, मांगं बस, अन कमरेले घट्ट धर. पेट्रोल मी भरून ठेवते.
— साधनाताई