धक्क्याच्या उजव्या हाताला

ता. ३ मार्च

ती. ताईस, बारक्याचा सा. न. वि. वि.

तू आणि आत्या बोटीची सहल करणार, आणि तीही आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या बोटीवरून, हे वाचून मी इतका खूश झालो की बोटीवरच्या सलूनमध्ये केस कापायला आलेल्या सगळ्यांना सांगत सुटलो. शिलाई मशीन घरीच ठेव म्हणजे मिळवली.

आत्याला एकदा तरी समुद्रात डुंबायचंय आणि तुला तिच्या गुडघ्यांची धास्ती. पण तुमची बोट ज्या बेटावर दिवसभर थांबते, तिथला किनारा मला पाठ आहे. आमचीही बोट दर फेरीला तिथेच लागते आणि मी मस्त पोहून येतो, हे तुम्हाला लिहीत आलोच आहे. पाणी परातीत ठेवल्यासारखं निवांत, कितीही आत जा, कमरेच्या वर येत नाही. वाळू पिठासारखी, खडा औषधालाही सापडायचा नाही. अनवाणी जा म्हणावं आणि खुशाल फतकल मारून बैस.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो थोडा वाढवलात तरी माझी हरकत नाही.

तुझा,
बारक्या


ता. २१ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच : आत्या ठणठणीत आहे. आता पुढचं वाच.

पिठासारखी वाळू म्हणे! कुठल्या गिरणीचं रे हे पीठ? धक्क्यावरून उतरलो तर समोर बटाट्याएवढे गोटे, वर उन्हाने तापलेले. तुझ्या भरवशावर चपला बोटीतच ठेवलेल्या. आत्या तरीही कौतुकाने पाय टाकत पाण्यापर्यंत गेली. पिवळा बावटा लावलेला होता, पण त्याचा अर्थ काय हे आम्हाला कोण सांगणार? मला वाटलं, शोभेला आहे.

पाण्यात दोन पावलं टाकली आणि जमीनच संपली. लाट आली, आत्याचे पाय सुटले आणि परतणाऱ्या पाण्याने तिला आत ओढलं. बारक्या, क्षणभर मला तिचा फक्त हात दिसत होता. मी पाठीमागून तिची कॉलर धरली. झगा मीच शिवलेला, म्हणून उसवला नाही एवढंच. तेवढ्यात किनाऱ्यावरची जीवरक्षक पोरगी शिट्टी फुंकत धावत आली आणि तिने दोघींनाही बाहेर काढलं.

तिने विचारलं, इथून पाण्यात उतरा असं सांगितलं कोणी? नाकातोंडातलं पाणी गळत असताना आत्या ऐटीत म्हणाली, की माझा भाचा बोटीवर न्हावी आहे, तो दर वेळी इथेच पोहतो. पोरगी जरा घुटमळली. मग म्हणाली, की बोटींवरचे स्वयंपाकी येतात, वाजंत्री येतात, पण सलूनमधलं कुणी आलेलं तिने कधी पाहिलं नाही. बोट थांबली की त्यांचंच काम जास्त असतं.

मी मनात तुला यथेच्छ शिव्या घातल्या. चहा पिताना आत्याने मला एवढंच विचारलं, की त्याच्या दुकानाला खिडकी आहे का गं? तू सांग.

आशीर्वाद आहेत, पण या खेपेला मोजून मापून.

ताई


ता. २ एप्रिल

ती. ताई, ती. आत्या, दोघींनाही साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. मला काय हवं ते बोला.

खिडकी नाही. सलून बोटीच्या पोटात आहे, इंजिनाच्या वरच्या मजल्यावर. बोट थांबली हे मला हादरे बंद झाले की कळतं. संध्याकाळी लोक पोहून येतात ते थेट खुर्चीत. त्यांच्या मानेवरून मी वाळू झाडतो, ती खरंच मऊ असते गं. कुणी म्हणतं पाणी शांत होतं, कुणी म्हणतं खवळलेलं होतं. तुम्हाला लिहिताना मी शांतवाला निवडायचो. मी तळघरात आहे हे कळलं असतं, तर आत्याला घास गेला नसता.

तुम्ही खरंच तिथे जाल असं कधी वाटलं नव्हतं. रागावला असाल तरी पत्र लिहा.

बारक्या


ता. १४ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद, या खेपेला भरपूर.

आत्या रागावलेली नाही. आपण बुडता बुडता कशा वाचलो हे ती गल्लीभर सांगत सुटलीय आणि दर वेळी लाट एक हात उंच होतेय. तिचा हुकूम आहे की तू सुट्टी मागायची, आणि दिली नाही तर ती स्वतः कप्तानाला पत्र लिहील. तिचं अक्षर तुला ठाऊकच आहे, तेव्हा कप्तानावर दया कर.

आता नीट ऐक, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पायात बूट हवेत. धक्क्याच्या उजव्या हाताला चालत जा, गोटे संपून वाळू लागते. पोरगी म्हणाली की तिथे उतार हळूहळू आहे. सकाळीच उतर, दुपारी वारा सुटला की पाणी आत ओढतं. पिवळा बावटा असेल तर पाण्यात बांधलेल्या दोरीच्या आतच राहा, लाल असेल तर मुकाट्याने परत फिर. आणि त्या पोरीला सांग, तू कुणाचा भाचा ते.

आमची माया आहे तशीच आहे, तपासायला वारंवार लिहीत जा.

ताई


ता. ६ मे

ती. आत्या आणि ताई, शि. सा. न. वि. वि.

गेलो! सोबतच्या केशकर्तनवाल्या बाईंनी माझी सकाळ सांभाळली. बदल्यात मी त्यांच्या दोन संध्याकाळी करणार आहे.

बावटा हिरवा होता. उजव्या हाताला गेलो, सगळं ताईने लिहिलं तसंच. पाणी मात्र असं गार की तोंडातून आरोळीच निघाली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी पाण्याचं काय काय सांगितलं, पण समुद्राचा इतका आवाज असतो हे एकानेही सांगितलं नव्हतं. जीवरक्षक पोरीने शिट्टी मारून मला दोनदा मागे बोलावलं. आत्याचं नाव काढताच हसून हसून बेजार झाली आणि आजी परत कधी येणार म्हणाली. काय सांगू?

परत आलो तर सलूनचे साहेब म्हणाले, हा ओला टॉवेल दारावर कशाला? मी म्हणालो, वाळेपर्यंत राहू दे. त्याला तीन दिवस झाले. इथे वारा नाही, त्यामुळे तो अजून ओलाच आहे, आणि मीही कुणाला काढू देत नाही.

दोघींचा लोभ पुरून उरतोय, तरीही पाठवत राहा.

तुमचाच,
बारक्या